जादाची गुंडी

विश्वास ठेवण्याच्या बाबतीत माझ्या साडूइतका कंजूष माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पंपावरच्या मीटरवर त्याचा विश्वास नाही, डॉक्टरच्या गोळीवर नाही, लाखनीच्या एकाही मिस्त्र्यावर नाही, आणि स्वतःच्या ट्रकमधल्या तेलाच्या दाबाच्या काट्यावर तर मुळीच नाही. तो काटा कधीचा मेलेला होता आणि साडूने मुद्दाम दुरुस्त करून घेतला नव्हता. "काटा खोटं बोलते, थेंब नाई बोलत," असं त्याचं म्हणणं. एवढ्या सगळ्या ठिकाणी वाचवून ठेवलेला विश्वास त्याने एकाच माणसावर उधळला, आणि तो माणूस मी. कारण मी जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात नोकरीला होतो आणि मला इंग्रजी वाचता यायचं.

थेंबाचं प्रकरण असं होतं. रोज सकाळी तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढायचा आणि तिच्या टोकावरचा तेलाचा एक थेंब जाड कागदावर सोडायचा. थेंब पसरला की मधे काळा ठिपका आणि भोवती वर्तुळं उमटतात; त्यावरून इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळायचं. या कामाला लग्नपत्रिकेसारखा कागद नाही, हा त्याचा शोध. आमच्यात आजोबांच्या काळातच लग्न जुळवताना पत्रिका पाहणं सुटलं, पण साडू मात्र रोज पत्रिका पाहायचा, ट्रकची. लग्नाचं आमंत्रण आलं की कोणाचं लग्न, कुठे, हे न बघता तो आधी बोटांनी कागदाची जाडी बघायचा. माझ्या मुलीच्या लग्नात छापून आलेल्या गठ्ठ्यातल्या तीसेक पत्रिका त्याने गुपचूप उचलल्या. एक वापरलेली चुकून परत गठ्ठ्यात आली आणि नेमकी माझ्या साहेबांच्या हाती पडली. नवऱ्या मुलाच्या नावावर काळंकुट्ट वर्तुळ. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून काळजीच्या सुरात विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. साडूला मी हे चिडून सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं की डागाची कड कशी होती, पिवळी की करडी.

या वेडामागे एक गोष्ट होती आणि ती मला माहीत होती, म्हणून माझा राग कधी टिकायचा नाही. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते. याला तो "दुसऱ्याच्या चाबीवर" म्हणायचा. काम संपलं की चाबी मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि पायी घरी यायचं. मग एक जुना दहाचाकी त्याच्या नावावर झाला आणि चाबी त्याच्या उशाखाली आली. ट्रक म्हातारा होता. इंजिन एकदा खोललं की पुन्हा धड उभं राहायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपले हातपाय चालतात तोवर इंजिन खोलायची पाळी येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. ते इंजिन गेलं की तो पुन्हा त्या खिळ्यापाशी.

म्हणून त्याच्या डोक्यात बायपास फिल्टर शिरला. इंजिनाचा नेहमीचा फिल्टर मोठा कचरा अडवतो. हा दुसरा बाजूला बसतो, थोडंसं तेल आपल्याकडे वळवून घेतो, अगदी बारीक गाळतो आणि परत खाली सोडतो. तेल जास्त टिकतं, इंजिनही टिकतं. पण कोणता घ्यायचा? लोक दोन वर्षांत मुलगी बघून, लग्न करून, बारसं उरकून मोकळे होतात. साडूने दोन वर्षं नुसता फिल्टर बघितला. एक कागदाच्या गुंडाळीचा होता, एक सुताने भरलेला, एक आतल्या आत गरगर फिरून घाण कडेला फेकणारा. ढाब्यावर अनोळखी ड्रायव्हरच्या ताटासमोर बसून तो त्याच्या फिल्टरची चौकशी करायचा. जुने फिल्टर मागून आणायचा, करवतीने कापायचा आणि आतल्या कागदाच्या घड्या अंगणात वाळत घालायचा. बायकोने कुरड्या घातल्या होत्या त्याच बाजेवर. नागपूरच्या एका दुकानदाराला तर त्याने फिल्टर कापून दाखवायला सांगितलं. विकत न घेता. दुकानदाराने त्याला बाहेर काढलं, तेव्हा साडूचा त्या फिल्टरवरचा संशय पक्का झाला.

आणि प्रत्येक फिल्टरचं इंग्रजी माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे यायचा. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. पहिली पाचसात मी नीट वाचली. मग माझं नोकरीतलं कौशल्य जागं झालं. उभी नोकरी मी इंग्रजी परिपत्रकं पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद अशी वाचली होती आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. शेवटी सुती फिल्टर ठरला, तो खोक्यासह माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी इतका कंटाळलो होतो की तो लवकर बसावा एवढंच मला हवं होतं.

खोक्यात एका पुडीत वाटाण्याएवढा पितळी तुकडा निघाला, मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असलेला. साडूने तो डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं.

"हे कायले देल्लं असन, भाऊ?"

मी पत्रकावरून नजर फिरवली. खरं सांगायचं तर फिरवल्यासारखं केलं. म्हणालो, "जादाचं असेल. शर्टासोबत जादाची गुंडी देतात ना, तसं."

त्याला ते पटलं. माझं त्याला सगळंच पटायचं. पितळ दिसायला छान होतं, म्हणून त्याने तो तुकडा ट्रकच्या चाबीच्या कडीत ओवला.

फिल्टर त्याने स्वतःच्या हाताने बसवला, मिस्त्र्याला जवळ येऊ दिलं नाही. पुढचे काही दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. थेंब पत्रिकेवर मधासारखा पिवळा पडायला लागला. ती पत्रिका तो खिशात घेऊन गावभर फिरला, एका बारशात बाळाच्या आधी ती सगळ्यांना दाखवली. माझ्या बायकोला म्हणाला, "भाऊनं वाचून देल्लं म्हून झालं." मी तेव्हा मानेने नको नको केलं, पण ऐकायला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

तेल निर्मळ होतं, पण इंजिनात जिथे पोचायला हवं तिथे पोचत नव्हतं. त्या बारीक भोकातून थोडंसंच तेल फिल्टरकडे जावं, बाकीचं इंजिनाला मिळावं, यासाठी तो पितळी तुकडा नळीत बसवायचा होता. तो चाबीला लटकला होता आणि नळी सताड उघडी होती. काटा जिवंत असता तर ओरडला असता. थेंबाला दाब दिसत नाही. ऐन उन्हात, तांदळाची पोती भरलेली असताना, साकोलीच्या अलीकडे इंजिनातला दांडा लोखंड फोडून बाहेर आला.

मी पोचलो तेव्हा साडू रस्त्याच्या कडेला पळसाखाली बसला होता. साकोलीहून आलेल्या मिस्त्र्याने इंजिन बघितलं, फिल्टरची नळी सोडवून बघितली, मग त्याची नजर साडूच्या हातातल्या चाबीवर गेली.

"हे चाबीत काहून?" त्याने विचारलं. "हे तं नळीत पाह्यजे होतं. कागदात लिवलं असन ना."

भोवती दहाबारा माणसं होती. साडू शांतपणे म्हणाला, "कागदात नव्हतं. माह्या साडभाऊनं सगळा कागद वाचला. कंपनीनंच लिवलं नाई."

घरी येऊन मी पत्रक काढलं. दुसऱ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात ती ओळ होती.

ट्रक सुटा सुटा होऊन विकला गेला. साडू आता एका गिरणीवाल्याचा नवा ट्रक चालवतो. त्याचं बोनेट उघडायची त्याला मनाई आहे. संध्याकाळी चाबी खिळ्याला अडकवतो आणि पायी घरी जातो. पत्रिका मागायला येत नाही. मी आलेल्या सगळ्या पत्रिका जाडीप्रमाणे लावून ठेवल्या आहेत, त्या तशाच पडून आहेत.

तो येतो, पण नव्या नोकरीचे कागद वाचून घ्यायला. तिसऱ्या खेपेला मला राहवलं नाही. म्हटलं, "ती ओळ होती रे कागदात. मी वाचलीच नव्हती."

त्याने पुढ्यातला कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "माहीत हाय मले. मिस्त्र्यानं इचारलं तवाच समजलो, मंग त्याच दिवशी त्यानं कंपनीचा कागद मोबाइलवर दाखवला. पण चार माणसात तुमाले खाली पाहाले कायले लावू? माही गाडी तं गेलीच होती."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. जाताना त्याने तो पितळी तुकडा खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो माझ्या घराच्या चाबीत ओवला आहे. आता साडू आला की आधी चाबी उचलतो, तुकडा शर्टाच्या टोकाने पुसतो, डोळ्याला लावून भोकातून खिडकीकडे बघतो आणि चाबी जागेवर ठेवून देतो. मग कागद माझ्यापुढे सरकवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "वाचा, भाऊ. हळूहळू वाचा. मले घाई नाई."