तेल वाचवून पेवात उतरलो

काटकसर म्हंजे अक्कल, आसं मला लई वर्सं वाटायचं. तवा निजामाचं राज होतं. आमच्या आष्टीकडं माणसं आदीच हात आखडून वागणारी, पर मी त्यांच्यातबी वरचढ निघालो. बाजाराला जाताना वहाणा हातात धरायचो आन येशीपाशी पायात घालायचो. तळवा फाटला तर फुकट भरून येतोय, चामडं येत न्हाई, हे माजं शहाणपण. घरात आगपेटी कदी आणली न्हाई. बायको शेजारणीकडून शेणकुटावर इस्तू आणायची. शेजारीण इचारायची, "तुज्या नवऱ्याची चूल तरी सोताची हाय का गं?" बायको हसायची न्हाई. मी हसायचो. गाढवाला वाटतंय लोक त्याचं गाणं ऐकतेत.

एका साली जवारी चांगली झालती, ती गावामागच्या पांढरीच्या जमिनीत पेवात भरून ठिवली. पेव म्हंजे जमिनीतला खोल खड्डा, तोंड लहान आन पोट मोठं. वरनं दगड ठिवून मातीनं लिंपायचं. आत कोंडलेली हवा लई वंगाळ, माणूस मारती. म्हणून रीत आशी, की पेव उघडलं की दिसभर तसंच ठिवायचं, मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा इझला तर उतरायचं न्हाई. आन शेजारची चार माणसं संगं घ्यायची, जाताना त्यांना एकेक टोपलं जवारी द्यायची.

बापजाद्यांच्या ह्या रितीत मला नुसती उधळपट्टी दिसली.

उन्हाळ्यात घरातलं पीठ सरलं. सकाळी माणसं रानात गेल्यावर मी बायकोला घेऊन गुपचूप पेवाकडं गेलो आन दगड सारला.

बायको म्हणली, "दिवा सोडा आदी."

"तेल काय तुजा बाप धाडतोय?"

"माज्या बापानं मला रांडव व्हाया न्हाई दिली. मी कुणाला तरी हाक मारते."

"हाक मारलीस तर टोपलं द्यावं लागंल. गप उभी ऱ्हा."

दोर बाभळीला बांधला आन धरून उतरलो. कमरंला गाठ मारली न्हाई, कावून तर गाठीनं दोर झिजतोय. आत उबट वास. एक टोपलं भरलं. दुसऱ्याला हात घातला तर पाय जवारीत हायेत का आभाळात, तेच कळंना. वरचं भोक बारीक व्हाया लागलं. हाक मारावी म्हणलं, तर तोंडातनं आवाज निघंना. जलमभर सगळं वाचिवलं, तसा तोबी वाचला.

पुढचं बायकोनं सांगितलेलं. तिनं दोर हालवला, मी हाललो न्हाई. मग ती वरडली तशी जवळच्या रानातली सात-आठ माणसं पळत आली. एकानं गावात पळत जाऊन घोंगडं आणलं, दोराला बांधलं आन आत वर-खाली, वर-खाली केलं, वंगाळ हवा निघावी म्हणून. मग आमचा शेजारी कमरंला दोर बांधून, दम धरून उतरला आन दुसऱ्या दोरानं मला काखंतनं जखडलं. वरच्यांनी मेलेल्या रेड्यावाणी वढून काढलं.

तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले. आत उतरलेला शेजारी बाजूला बसून खोकत हुता. एक म्हातारा वाकून म्हणला, "का बे, हायेस का गेलास?"

आशा टायमाला माणूस पाया पडतोय, बायकोचं नाव घेतोय, रडतोय तरी. मी मान वळवून बघितलं. ते घोंगडं माजं हुतं.

"कडंच्या दगडाला घासलं का वो ते?" मी इचारलं.

म्हाताऱ्यानं उरलेलं पाणी भुईवर वतलं. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आन शेजाऱ्याला म्हणली, "दादा, दोर आजून बांधलेलाच हाय. ह्यांना परत आत सोडा."

शेजारी उठला आन दोर हातात घेतला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो हसत नव्हता.