अंबाडीच्या पाण्यातला दगड

शेवटच्या भेटीत सुधाताईंनी दवाखान्यात माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता काही निरवानिरव... तर म्हणाल्या, "मीना, बरणीतलं पाणी बदलत जाय. पण तुकडा निरखून पाहू नको, घरी आली की मीच पाहीन." त्या घरी आल्या नाहीत.

ताई माझ्या मोठ्या नणंद. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटरवर कॉलेजात जाऊन त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. मुळांतली, पानांतली आंबट आम्लं दगडातलं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम धरून बाहेर ओढतात आणि ग्रॅनाइटसुद्धा हळूहळू विरघळतो, हा त्यांचा लाडका धडा. पण ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा डोळ्यांनी पाहायचंच, असा त्यांनी हट्ट धरला.

शेजारी वसणाऱ्या नवा रायपूर शहरात तेव्हा इमारती उठत होत्या. तिथून ताई गुळगुळीत पॉलिशची ग्रॅनाइटची फुटकी फरशी पर्समध्ये घालून घेऊन आल्या. एक तुकडा साध्या पाण्यात घातला, एक अंबाडीच्या. आमच्याकडे अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी फेकतात; ताईंनी ते गाळून बरणीत भरलं. अंबाडी नसली की लिंबू पिळायच्या. दोन्ही बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.

एकदा मी माहेरी असताना आमच्या ह्यांनी वरण केलं. ताईंच्या ताटात पळीतून ठण्णकन दगड पडला!

"माधव, हे काय होय?"

"मले वाटलं, चिंचेचं पाणी आहे. वरण सपक लागून राहिलं होतं..."

"माया प्रयोग खाल्ला रे तू!" असं म्हणून ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. आणि ते वरण भातावर घेऊन चवीने जेवल्या. डाळीत शिजलेला नमुना मात्र त्यांना चालेना. नवा तुकडा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मला फार हेवा वाटायचा त्यांच्या त्या उत्साहाचा.

परवा बाजारात अंबाडी आली. हे म्हणाले, "आता पाहूच." दोन्ही तुकडे धुऊन, पुसून आम्ही उजेडात धरले. साध्या पाण्यातल्याच्या पॉलिशमध्ये खिडकीचे गज लख्ख दिसले. दुसऱ्यात दिसेनात. काळे ठिपके निस्तेज झालेले, नखाला खरखर लागत होती.

"विरघळला ना वं ताई दगड!" हे खिडकीकडे पाहून ओरडले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मलाही.

त्या दिवशी अंबाडी उकडली. पाणी गाळून बरणीत भरलं आणि तुकडा परत त्यात सोडला.