सिरा केइताची चूल आणि तुंबाकोतोचं स्टेशन

सिरा केइता तुंबाकोतो स्टेशनच्या फलाटावर जन्मली. तिची आई बाळंतपणासाठी मोठ्या गावच्या दवाखान्यात निघाली होती. गाडी सकाळची होती, पण सकाळी काही आली नाही, दुपारीही नाही. संध्याकाळी आली तोवर सिराला आंघोळ घालून, फडक्यात गुंडाळून झालं होतं. स्टेशन मास्तरनं विचारलं, "मग, जायचंय ना दवाखान्यात?"

आई म्हणाली, "आता जाऊन काय करू? ज्या कामाला निघाले होते ते इथंच उरकलं."

ही गोष्ट गावात सगळ्यांत जास्त वेळा सांगितली ती मोलोबाली कुलिबाली गवंड्यानं. तो कुलिबाली, ती केइता. या दोन कुळांचं नातं थट्टेचं, वाडवडलांपासून चालत आलेलं. एकमेकांना काहीही बोलावं, रागवायचं मात्र नाही. मोलोबाली म्हणायचा, "माणसं गाडीतून फलाटावर उतरतात. ही एकटीच अशी, जी गाडीत न बसता उतरली." त्यावर सिरा म्हणायची, "चवळ्या खाऊन खाऊन तुम्हा कुलिबालींच्या डोक्यातही वाराच भरलाय." एवढं झालं की दोघांचा दिवस चांगला जायचा.

सिरा लहानपणी गाडीच्या खिडक्यांशी उकडलेल्या शेंगा विकायची. मोठी झाली तशी फलाटावर चूल मांडून शेंगदाण्याच्या कालवणाचा भात विकू लागली. तिच्या भाताच्या वासानं इंजिनाचा ड्रायव्हरही खाली उतरायचा, आणि ड्रायव्हर खाली उतरला की गाडी हलण्याची भीती नसायची. लोक निवांत जेवायचे.

एकदा मात्र ड्रायव्हरचं पोट बिघडलेलं होतं. तो उतरला नाही आणि गाडी शिट्टी न देताच सुटली. साम्बा नावाचा एक शिंपी हातात वाडगा घेऊन फलाटावरच राहिला. डाकारला कामाला निघाला होता बिचारा. त्याची कात्री, मशीन, कपडे, सगळं गाडीतून पुढं गेलं. सिराला वाईट वाटलं. तिनं त्याला पुढची गाडी येईपर्यंत जेवायला घातलं. पुढची गाडी आली तेव्हा साम्बा फलाटावरच होता, पण गाडीकडे पाठ करून जेवत होता. त्याच्या पुढच्या गाडीलाही तो जेवतच होता. मोलोबाली सिराच्या बापाकडे गेला आणि म्हणाला, "काका, त्या माणसाला गाडी दिसत नाही असं नाही. तुम्ही आता लग्नाचं बघा." सिराशी लग्न करून साम्बा तुंबाकोतोतच शिंपी झाला. पुढं साऱ्या गावाचे कपडे त्यानं शिवले आणि बऱ्याच वर्षांनी, म्हातारा होऊन, सिराच्या हातचं जेवूनच गेला.

हळूहळू गाड्या कमी झाल्या. मग बंदच झाल्या. शेवटचा मास्तर बदलून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. एका वादळात फलाटावरचं छप्पर उडालं. तेव्हा सिरानं आपली चूल उचलली आणि पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयात नेऊन मांडली. विचारणार तरी कोण? गाडी नसली तरी गिऱ्हाईक होतं: ट्रकवाले, बाजारकरी, मोलोबालीचे मजूर. सरपण मिळेल तसं आणायचं, बहुतेक वेळा ओलंच. मग धूर असा व्हायचा की जेवणारे एका हातानं घास घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसायचे. भिंती काळ्या झाल्या, छत काळं झालं. पहिल्या वर्गाची पाटी तर कुणाला वाचताच येईना.

बाकीचं स्टेशन वाळवीनं खाल्लं. एक माणूस तिकीटघराच्या दाराला टेकून बोलत होता, तो दारासकट आत पडला. मास्तरच्या खोलीचं छत भरदुपारी खाली आलं. आत शेळ्या झोपल्या होत्या. शेळ्या वाचल्या, पण पुन्हा कधी त्या खोलीत गेल्या नाहीत.

अशा वेळी राजधानीहून, बामाकोहून, उमू मैगा नावाची इंजिनियरबाई आली. तरुण, हुशार, हातात टेप, गळ्यात कॅमेरा. जुन्या रेल्वेमार्गावरची चांगली स्टेशनं जशी होती तशी पुन्हा उभी करायचं सरकारनं ठरवलं होतं, आणि त्यांत तुंबाकोतोचा नंबर लागला होता. बाईनं सगळीकडे मापं घेतली आणि धुरातून वाट काढत प्रतीक्षालयात आली.

"आई, तुम्ही इथं स्वयंपाक करता?"

"करते. बस ना, वाढते."

"ही ऐतिहासिक वास्तू आहे."

"असू दे. भात ताजा आहे."

बाई बसली, जेवली, आणि हात धुऊन म्हणाली, "आई, भात फार छान होता. पण ही चूल इथून हलवावी लागेल."

सिरा तडक गावच्या मुखियाकडे गेली. मुखिया रोज तिच्याकडेच जेवायचा. त्यानं बैठक बोलावली. सगळ्यांनी स्टेशन दुरुस्त व्हावं असं सांगितलं आणि चूलही राहावी असं सांगितलं. दोन्ही एकदम कसं व्हावं हे कोणीच सांगितलं नाही.

कामाचा मुख्य गवंडी म्हणून मोलोबालीला नेमलं होतं. चूल फोडायचं काम त्याच्याकडेच आलं. तो हातोडा घेऊन आला, तोही नेमका भात उतरला तेव्हा.

"फोड की," सिरा म्हणाली. "कुलिबालींना नाहीतरी दुसरं काय येतं?"

"भरल्या चुलीवर हातोडा कसा मारू? आधी खातो."

खाऊन झाल्यावर त्याला झोप आली. दुसऱ्या दिवशीही तो त्याच वेळी आला. असं बरेच दिवस चाललं. शेवटी इंजिनियरबाई स्वतः समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मोलोबालीकाका, आज नाही फोडलीत तर मीच फोडेन." मग त्यानं चूल फोडली. सिरा भांडी डोक्यावर घेऊन दारात उभी होती. शिवी न मिळाल्यामुळे मोलोबाली फारच कानकोंडा झाला.

आता छताचे वासे काढायचे होते. इतर खोल्यांमधले वासे हात लावताच भुसा होऊन गळले होते, त्यामुळे याही खोलीसाठी नवं लाकूड मागवलेलं होतं. मोलोबाली शिडीवर चढला आणि त्यानं काळ्या तुळईवर कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड खणकन वाजून उलटी आली आणि तो शिडीवरून पडता पडता राहिला.

"केइतांची तुळई दिसतेय," तो म्हणाला. "आतून दगड."

बाईनं शिडीवर चढून चाकूनं काजळी खरवडली. आत लालसर, कणखर लाकूड होतं. स्टेशन बांधलं तेव्हाच्या सुताराच्या खुणासुद्धा शाबूत होत्या. सगळ्या स्टेशनात जुनं लाकूड असं तेवढंच उरलं होतं. बाई खाली उतरली, तिचं नाक काळं झालं होतं.

"आई, तुम्ही या लाकडाला काय लावलंत?"

सिराला वाटलं, आता दंड होणार. "मी काही लावलं नाही. मी तर हातही लावला नाही."

"खरं बोलतेय ती," मोलोबाली म्हणाला. "तिनं जन्मात काही केलेलं नाही."

बाई हसली. म्हणाली, "धुरानं वाचलं हे. धूर असेल तिथं वाळवी फिरकत नाही."

दुसऱ्या दिवशी बाजारात सिरा सगळ्यांना सांगत होती की ती मुद्दामच ओलं लाकूड जाळायची. स्टेशनची काळजी कोणीतरी घ्यायला नको का? मोलोबाली म्हणाला, "मग आम्हाला आधी सांगायचंस. इतकी वर्षं आम्ही देशासाठी रडतोय हे कळलं असतं तर जरा अभिमानानं रडलो असतो."

तरी चूल गेली ती गेलीच. सिराला बाहेर चिंचेखाली एक शेड मिळाली. स्टेशन झालं मात्र देखणं. पिवळा रंग, लाल कौलं, नवी दारं. उद्घाटनाला मोठे साहेब आले, वारशावर लांबलचक बोलले. भाषण संपल्यावर मुखियानं विचारलं, "आणि गाडी कधी?" साहेबांनी पुन्हा वारशावर बोलायला सुरुवात केली. गावातली एक म्हातारी बोचकं बांधून आली होती, तिला समजावून घरी पाठवावं लागलं.

दोन पावसाळे गेले आणि नव्या दारांना वाळवी लागली. इंजिनियरबाईनं परत येऊन औषध मारलं. वाळवी तिकीटघरातून मास्तरच्या खोलीत गेली. तिथं मारलं, तर ती परत तिकीटघरात आली. जुन्या तुळईकडे मात्र ती वळूनही बघत नव्हती. एका दुपारी बाई चिंचेखाली येऊन बसली. जेवली. वाडगा पुसून काढला तरी उठेना.

"आई, तुमची चूल जरा आत मांडाल का?"

"ऐतिहासिक वास्तू आहे ना ती?"

"आहे. म्हणूनच."

सिरानं बराच वेळ पातेलं घासलं. मग म्हणाली, "मांडेन. पण ज्यानं फोडली त्यानंच बांधून द्यायची. आणि मी उभी राहून बघणार."

मोलोबाली आला. आता तोही म्हातारा झाला होता, वाकताना कण्हायचा. सिरा खुर्ची टाकून शेजारी बसली आणि वीट वाकडी आहे, चिखलाचा गारा पातळ आहे, कुलिबालींनी चवळ्या पेराव्यात, बांधकाम करू नये, असं बोलत राहिली. इतक्या दिवसांनी पुन्हा शिव्या मिळाल्यामुळे मोलोबाली खुलला. त्यानं जीव ओतून काम केलं. अशी सुरेख चूल बांधली की ओलं लाकूड घातलं तरी भडकन पेटलं आणि धुराची रेघही निघाली नाही.

सगळे छताकडे बघत उभे राहिले.

"मोलोबाली," सिरा म्हणाली, "आयुष्यात एकदा नीट काम केलंस, आणि तेही नको तिथं."

त्यानं हातोडा उचलला आणि ती चूल फोडली. दुसरी बांधली ती डोळे मिटून बांधावी तशी, फटी ठेवून, तोंड वाऱ्याकडे करून. सिरानं काडी लावली. घटकाभरात खोली अशी भरली की कोणाला कोणी दिसेना. मुखिया खोकत बाहेर पळाला. मोलोबाली कुठंतरी भिंतीशी शिंकत होता.

त्या धुरातून इंजिनियरबाईचा आवाज आला, रडवेला पण समाधानाचा. "बस, काका. आता हिला हात लावू नका."