दाजींचा नायक पाळीवर जातो

कामगाराची कादंबरी लिहावी तर ती आमच्या दाजींनीच, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. माझ्या बहिणीचे हे यजमान शेंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचे आणि करमाडच्या घरी कादंबऱ्या लिहायचे, त्याही उभ्यानं. आठ तास उभं राहणाऱ्या माणसाची गोष्ट बसून लिहिली की ती ऐदी होते, हा त्यांचा सिद्धान्त. घरात तेवढ्या उंचीचं पिठाचं एकच पिंप होतं. त्याच्या झाकणावर दाजींची वही. ताईला भाकरी टाकायची तर आधी प्रकरण संपायची वाट बघावी लागे, आणि प्रकाशकांकडे गेलेल्या हस्तलिखितातून हमखास ज्वारीचं पीठ गळे.

दुसरा हट्ट याहून भारी. प्रत्येक प्रकरण ते पहिली पाळी सुटली की गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर कामगारांना वाचून दाखवत, आणि तिथं कुणीही ओळ खोडायला लावू शकत असे. सूर्यास्ताचं दीड पान एका वेल्डरनं उडवलं होतं. पाळी सुटलेला माणूस आभाळाकडे नाही, बसकडे बघतो, असं त्याचं म्हणणं. दाजींनी ते मुकाट्यानं खोडलं.

शेवटच्या कादंबरीत त्यांनी नायकाला मशीनखाली मारलं. त्या शेवटावर खूश होऊन प्रकाशक पुस्तक छापायला तयार झाले होते. मीही ताईला पुरस्काराची भाकितं ऐकवत होतो. टपरीवर मात्र वाचन संपलं तरी कुणी चहाला हात लावेना. अशाच मशीनवर दोन बोटं गेलेले कन्नड तालुक्यातले एक कामगार हळूच म्हणाले, "भाऊ, आमाला उद्या पाळीवर यायचंय. त्याला बी येऊ द्या की."

दाजींनी शेवट तिथंच फाडला. नव्या शेवटात नायक जखमेला चिंधी बांधून सकाळची बस पकडतो. प्रकाशकांनी वही परत पाठवली. मी दाजींना वेड्यात काढलं, चांगलाच भांडलो. ते एवढंच म्हणाले, "ज्यांची गोष्ट हाय, ते नको म्हणतेत. मी कोण मारणारा?"

कादंबरी छापली गेली नाही. दाजी गेले. तिच्या झेरॉक्स प्रती तेवढ्या कारखान्यांतून फिरत राहिल्या.

परवा संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना एसटीत शेजारी कंपनीच्या गणवेशातली एक बाई त्यातलीच एक प्रत वाचत होती. शेवटची पानं गळालेली. मी लेखकाचा मेहुणा, म्हटल्यावर तिनं विचारलं, "मग सांगा, तो वाचला का?"

"वाचला."

"बरं झालं," म्हणत तिनं कागद डब्याच्या पिशवीत ठेवले आणि शेंद्र्याला उतरून ती पाळीवर गेली. दाजी, तुमच्याशी भांडलो ते चुकलंच माझं.