चौकीच्या पायरीवरची मेथी

मुळशीकडं जाताना आमचा फाटा लागतो, तिथं पोलीस चौकी आहे हो, नाही असं नाही. फीत कापली तेव्हा पेढेही वाटले होते. पुढं मात्र दाराला कुलूपच. मग कारखान्यातून सुटलेल्या एका मुलीच्या गळ्यातलं तिन्हीसांजेला कुणीतरी ओढून नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फाट्यावरचीच एक बाई चौकीच्या पायरीवर येऊन बसायला लागली. नाव मी कधी विचारलं नाही. चपला दाराशी नीट जोडून ठेवायची, मांडीवर मेथीची जुडी घ्यायची, आणि निवडता निवडता येणाऱ्या प्रत्येक मुलीला म्हणायची, "आलीस व्हय गं? जा नीट!" शेवटची मुलगी बसमध्ये चढली की पदर झटकून उठायची.

एकदा पोलिसांचे साहेब गाडीतून उतरले. "मावशी, ही काय भाजी निवडायची जागा आहे?"

"न्हाई ना साहेब, तुमची बसायची हाय. तुमी बसा, मी लगेच उठते."

साहेब कुलपाकडं बघून परत गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी मात्र चौकीत दिवा होता आणि आत एक कोवळा हवालदार. तिनं खिडकीतून डोकावून विचारलं, "च्या प्यालास का रं लेकरा?" आणि घरी गेली.

अजून ती रोज येते. दिवा दिसला की पुढं जाते, कुलूप दिसलं की चपला काढते.

परवा पुन्हा कुलूप होतं, आणि ती तापानं पडलीय असं मुलींकडून कळलं. मग मी सोलायचा लसूण पदरात घेतला आणि पायरीवर जाऊन बसले. चपला तेवढ्या नीट जोडून ठेवल्या, तिच्यासारख्या.