ओटीतला तज्ज्ञ

ताईंनी पिशवीतनं नारळ काढला, खण काढला, तांदळाची पुडी काढली आणि टेबलावर मांडली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मॅडम पंजाबी. थेरपिस्ट आहेत, म्हणजे औषध न देता बोलून मन ताळ्यावर आणणाऱ्या. चंडीगडात त्यांचं क्लिनिक आहे, मी तिथला अटेंडंट. एका मराठी साहेबांकडं स्वयंपाकाला म्हणून साताऱ्याहून आलो होतो. साहेबांची बदली झाली, मी राहिलो. चहा देतो, फायली काढतो आणि मराठी पेशंट आला की दुभाषा म्हणून खुर्चीत बसतो. शाळा चौथीपर्यंत. पण त्या खुर्चीत बसलं की मला अर्धा डॉक्टर झाल्यासारखं वाटतं.

ताई चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टरमधल्या, नवरा फौजेत हवालदार. गावी आई वारली. ट्रेननं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून ताईंना अन्न जाईना. तीन सेशन नुसत्या खाली बघत बसल्या. चौथ्याला बोलल्या, म्हणाल्या, काल एक भाकरी खाल्ली. आणि पाचव्याला हा नारळ.

"ये क्या है, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात मी उघडलं. "ओटी है, मॅडमजी. हमारे में औरत घर से निकलती है तब भरते हैं. विदाई का है."

"मतलब अब ये आना नहीं चाहतीं?"

"पक्का."

ताईंचं हिंदी माझ्या इंग्रजीसारखं. त्या आळीपाळीनं आमची तोंडं बघत होत्या.

मॅडमनी मग क्लोजर केलं. क्लोजर म्हणजे उपचार संपताना नीट बोलून घेतलेला निरोप. तुम्ही हिमतीच्या आहात, वाटलं तर कधीही या, वगैरे. थेरपिस्टनं पेशंटकडून भेट घ्यायची नसते, म्हणून हात जोडून नारळही परत केला. मी सगळं मराठीत सांगितलं, वर दोन वाक्यं माझी घातली. ताई चहा न घेता गेल्या.

पुढच्या आठवड्यात हवालदार एकटेच आले. "काय केलं ओ तुम्ही? हिचं जेवण परत बंद झालंय. मॅडमनी काढून टाकलं म्हणती. ओटीसुद्धा घेतली नाही म्हणती."

मी मॅडमना हिंदीत सांगितलं. "पर जाना तो वो चाहती थीं," मॅडम म्हणाल्या. मग दोघंही माझ्याकडं बघाय लागले. मी बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

ती म्हणाली, "देवीची ओटी भरत्यात तवा देवी काय गावाला निघालेली असती? मान द्यायचा असतो म्हणून भरत्यात."

"मला काय माहीत."

"मग माहीत नाही म्हणायचं. तुमची कधी कुणी भरली होती?"

आत येऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "गलती मेरी है. पूछना उनसे था, पूछा तुमसे."

त्यांनी स्वतः ताईंना फोन केला. तिसऱ्या दिवशी ताई तीच पिशवी घेऊन आल्या. मॅडमनी आधी माफी मागितली, मग विचारलं, हे मला का द्यायचं होतं? मी शब्दाला शब्द सांगितला, जास्तीचा एक नाही.

ताई म्हणाल्या, "माहेराहून निघताना आई भरायची माझी ओटी. आता कोण भरणार? म्हटलं, मीच कुणाची तरी भरावी. ह्या ऐकून घेतात, तिच्यासारखं."

मॅडमनी नियम बाजूला ठेवून ओढणी पसरली. तिथं माझं काय काम? मी चहा टाकायला गेलो.

परत आलो तर ताई रडत होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आणि मॅडम मांडीवर नारळ-तांदूळ घेऊन अवघडून बसलेल्या. उठावं की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ताईजी से पूछिए," मी म्हणालो.

ताई अजून येतात. परवा डब्यात दोन भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. एक आमच्यासमोर बसून खाल्ली, दुसरी मला दिली. ती कशाबद्दल, ते मी खायच्या आधी विचारून घेतलं.