रॉकीची शेवटची पोस्टिंग

रॉकीची शेवटची पोस्टिंग रायपूरला, चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी झाली. काश्मिरात तो माझा सर्च डॉग, मी त्याचा हँडलर. जमिनीत बारूद पुरलेली असली की वास घेऊन जागीच बसायचा. मी "स्टे" म्हटलं की गोळी चालो का बर्फ पडो, हलायचं नाही. मोकळं करायचं ते फक्त मी, मानेवर हात ठेवून, कानाशी हळूच "शाबास" म्हणून. तो बसला म्हणून आमची अख्खी गस्तीची पार्टी आज घरी नातवंडं खेळवून राहिली.

आम्ही दोघं सोबतच रिटायर झालो. घरी आधीच एक आळशी मांजर होती आणि मिठ्ठू पोपट. मिठ्ठू म्हणजे घरचा सीओ, कमांडिंग ऑफिसर. मांजरीचा आवाज काढून तिलेच पळवायचा. रॉकी आला आणि मिठ्ठूची बोलती बंद झाली. मिरचीले तोंड लावेना, छातीची पिसं उपटून राहिला.

"जळून राहिला तो," बायको म्हणाली. "तुम्ही पहिले रॉकीले भाकर देता न."

मी हसण्यावारी नेलं. पोपटाचे रुसवे कोण काढत बसते!

घरीही भाकर देण्याआधी मी रॉकीले "स्टे" म्हणायचो. मग एक दिवस पिंजऱ्यातून माझाच आवाज आला, "स्टे!" रॉकी खटकन बसला. मिठ्ठूनं मान वाकडी करून पाहिलं. तेव्हापासून पिसं उपटणं बंद आणि दिवसभर ऑर्डरी चालू. मी येईपर्यंत म्हातारा बसून राही. शेजारी म्हणायचे, "भैया, आपसे तो तोता सीनियर है." आम्हीही हसायचो. "शाबास" मात्र मिठ्ठू शिकला नाही. ते त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

मे महिना होता. मी नवा रायपूरले सिक्युरिटीच्या ड्यूटीवर. भर दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, रॉकी अंगणात उन्हात बसला. उठूनच नाही राहिला."

"ओढ त्याले."

"हात लावला की गुरकावते. अंगावर पाणी ओतलं, छत्री धरून उभी आहो."

"फोन स्पीकरवर टाक. त्याच्या कानाशी धर."

"धरला."

"शाबास, रॉकी. शाबास बेटा."

"कान उभे केले! उठून राहिला!"

तेवढ्यात फोनमधून मलेच माझा आवाज ऐकू आला. "स्टे!"

"बसला हो परत!"

"पिंजरा आत ने!"

तिनं नेला. मी पुन्हा पुन्हा शाबास म्हटलं. ती म्हणाली, "आता कानही नाही हलवत."

मोटारसायकल काढली. ते रुंद, रिकामे रस्ते त्या दिवशी संपता संपेनात.

घरी आलो तर बायको स्वतः उन्हात, छत्री रॉकीवर. तो बसलेलाच, पाठ ताठ. मी गुडघे टेकले, मानेवर हात ठेवला. "शाबास." त्यानं डोकं माझ्या बुटावर टेकवलं आणि गेला.

मिठ्ठूचा लय राग आला होता. पण माझ्याच आवाजाले शिक्षा काय देऊ? तो अंगणाकडे पाहून "स्टे" ओरडे, कोणी बसत नसे. मग चूप झाला, पुन्हा पिसं उपटू लागला. मी रोज पिंजऱ्याशी बसून एकच शब्द म्हणत राहिलो.

परवा सकाळी तो बोलला. हळूच, कानात सांगावं तसं. "शाबास."

अंगणात कोणीच नव्हतं.

"उशीर केला रे पोट्ट्या," मी म्हटलं, आणि मले रडू आवरलं नाही.